आषाढात चीनमध्ये मासेमारी बंद

मु. बोरतळा, ता. मूल, जि. चंद्रपूर
आषाढ वद्य पंचमी, रविवार

तीर्थरूप रुखमाबाई,

धाकट्या डोम्याचा नमस्कार. डोकं तुझ्या पायांवर ठेवतो आणि धपाटा बसायच्या आत उचलून घेतो. भाऊजींच्या कमरेला आराम आहे का? गोदावरी किती चढली? सिरोंच्याची तुमची गल्ली कोरडी आहे ना? इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. गोकुळाचा गुडघा दुखतो, पण जीभ ठणठणीत आहे. तलाव काठोकाठ भरला. जाळी धुऊन, वाळवून, आढ्याला टांगली आहेत, कारण मासोळी अंड्यावर आली आहे आणि आपल्या ढिवरांची जाळी आषाढ-श्रावणात पाण्यात उतरत नाहीत. म्हणजे तुझा भाऊ सध्या रिकामा आहे. पुढं जे काही झालं, ते या रिकामपणामुळे झालं, हे आधीच लक्षात घे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणालीस की माझी बोबडी वळते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. (पत्र घेऊन येणारा आपल्या गावचा धनराज वाचून दाखवत असेल तर त्यालाही मध्ये थांबवू नकोस. तो तुमच्याच गल्लीतला जावई आहे, सासुरवाडीत त्याचा मान राहू दे.)

तर रिंकूच्या मशीनविषयी. उन्हाळ्यात तुझी लेक आमच्याकडे आठ दिवस राहून गेली आणि तिचं लॅपटॉप मशीन इथंच विसरली. तू ते तीनदा मागितलंस. पहिल्यांदा मी सांगितलं, आष्टीच्या पुलावर पाणी आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, धनराजला ताप आहे. तिसऱ्यांदा सांगितलं, मशीन दुरुस्तीला मूलला दिलं आहे. यातलं पुलावरचं पाणी अर्धा दिवस खरं होतं. धनराजला ताप कधीच नव्हता, उलट तो माझ्यासमोर बसून बोरं खात होता. (बोरं नव्हे, जांभळं. एवढं खोटं बोललो आहे की आता साधी गोष्टही चुकते.) एक तारखेला पोरीचं कॉलेज सुरू होतं आणि मशीनवाचून तिचं अडेल, हे मला कळतं. म्हणून परवा मंगळवारच्या गाडीनं धनराजबरोबर मशीन पाठवत आहे. पण ते तुझ्या हाती पडण्याआधी त्याच्या आत काय आहे ते तुला कळलं पाहिजे. आत साडेतीन हजार माणसं आहेत.

घाबरू नकोस. तो खेळ आहे. फार जुन्या काळचा चीन देश, राजाचा हुकूम सुटतो आणि आपण नदीकाठच्या उजाड जमिनीवर शहर वसवायचं. रिंकूनं मला तो पहिल्या दिवशी दाखवला तेव्हा मी हसलो. मग तिनं मातीचा एक रस्ता आखला, कडेला चार जागा खुणावल्या, आणि बाई, कुठून तरी माणसं यायला लागली. हातगाडीवर गाठोडी, मागं बायको. माणूस नखाएवढा, पण चालताना त्याच्या खांद्यावरची कावड वर-खाली हलते! ती मी तीनदा डोळ्यांनी बघितली. त्यांनी येऊन झोपड्या घातल्या. विहीर दिली तर झोपडीचं घर झालं. धान्य पोचलं, औषधाची जुडी घेऊन वैद्य फिरला, तर घरावर आपोआप कौलं आली. माझा हात मशीनवर आणि तोंड उघडं. त्या दिवशी मी जेवताना काय खाल्लं ते मला आठवत नाही. (गोकुळाला आठवतं. ती म्हणते, तुम्ही माझ्या ताटातलं खाल्लं.)

रिंकू गेली आणि मी एकट्यानं राज्य हाती घेतलं. इंग्रजी मला येत नाही, पण महिन्यांची नावं कॅलेंडरवर वाचलेली आहेत. सगळं छान चाललं होतं. नदीवर मासेमारीची सहा ठिकाणं होती, शहर मासोळीवरच पोसलं जात होतं. मग मशीनच्या कोपऱ्यात जुलै आला. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी सहाही ठिकाणं बंद केली. नियम म्हणजे नियम. दोन महिन्यांनी शहरातली अर्धी माणसं गाठोडी बांधून निघाली. मी एकाला खुणावलं तर तो काहीतरी बोलला, आवाज रडवेला होता. मी फोन करून तो आवाज रिंकूला ऐकवला. ती म्हणाली, “मामा, तो म्हणून राह्यला का मी उपाशी आहो, हे गाव सोडून चाललो. तुम्ही मासेमारी काऊन बंद केली?”

मी म्हटलं, “आषाढ आहे ना व.”

“चीनमंदी आषाढ नाई रायत, मामा!”

“पण मासोळीले अंडे तर रायते ना तिथी?”

यावर एवढ्या शिकलेल्या पोरीनं फोनच ठेवून दिला. तिला कॉलेजात हे शिकवलं नसावं.

मी नियम सोडला नाही. (तुझा भाऊ आहे, तू हट्टात माझ्याहून दोन पावलं पुढं आहेस.) खेळातलं एक वर्ष पंधरा-वीस मिनिटांत सरतं, त्यामुळे एका दुपारी माझ्या शहरावर तीन आषाढ आले आणि ते तिन्ही वेळा ओस पडलं. दुसरी चूक वाट्याची झाली. आपल्याकडे मासोळी काढली की पाळीवर, तलावाच्या बांधावर, सारखे वाटे मांडतात आणि जाळ्याला हात न लावणाऱ्या बुधरीकाकूचाही वाटा तिच्या दारात पोचतो, तो कधी चुकला आहे का? मी त्याच भरवशावर चीनमधली काही घरं दूर, टेकडीच्या कडेला, मोकळ्या हवेत बांधली. तिथला बाजारवाला आपल्या ठरलेल्या रस्त्यानं फिरतो आणि परत जातो. टेकडीकडे बघतसुद्धा नाही. ती घरं आठ दिवसांत रिकामी झाली. मला त्या बाजारवाल्याचा इतका राग आला की मी त्याचं दुकान पाडलं, आणि मग सगळं शहरच उपाशी राहिलं.

यानंतर पाऊस लागला. तलाव भरून सलांगीवरून सांडायला लागला. (सलांग म्हणजे तलावाचं जास्तीचं पाणी वाहून जातं ती जागा. तू विसरली नसशील, पण तेलुगू बोलून बोलून तुझं काही सांगता येत नाही.) तिथं मासोळी धरायला नव्हे, अडवायला आडवं जाळं लावून बसलं नाही तर वर्षाची मासोळी पाण्याबरोबर वाहून जाते. मला जावंच लागलं. मशीन बंद करायचं माझ्या जिवावर आलं, लोक घरात असताना बाहेरून कडी घातल्यासारखं वाटलं. म्हणून गोकुळाला म्हटलं, नुसती समोर बस, शहरात आग लागली तर हाक मार. ती म्हणाली, “या नखाएवढ्या लोकायले जेवले का म्हणून इचारता, अन् घरच्या बाईले चाय घेतला का म्हणून कधी इचारलं?” मी ऐकलं नाही असं दाखवून छत्री घेतली आणि निघालो.

संध्याकाळी भिजून परत आलो. चूल थंड होती. गोकुळा मशीनसमोर मांडी घालून बसली होती, दुखरा गुडघासुद्धा दुमडलेला. मी डोकावलो आणि तसाच ओल्या अंगानं उभा राहिलो. बाई, शहर भरलेलं होतं. घरांवर कौलं, काही घरांवर माडी. टेकडीवरच्या घरांपर्यंत तिनं रस्ता नेला होता आणि बाजारवाल्याचं दुकान त्या रस्त्याच्या मधोमध बसवलं होतं, म्हणजे त्याला दोन्हीकडे जावंच लागेल. कोपऱ्यात जुलै होता. नदीवर मासेमारी बंद होती. आणि एकही माणूस गाठोडं बांधत नव्हता!

मी विचारलं, हे कसं केलं? तिनं मान वर न करता सांगितलं, “तुमचं चुकलं नाई. बंद तर ठेवाच लागते. पण बंद ठेवाच्या आंधी भरून ठेवा लागते.” तिनं उन्हाळ्यातच चार मोठी कोठारं बांधून ज्वारी-बाजरीसारखं तिथलं धान्य गच्च भरलं होतं आणि आषाढ लागल्यावर एकेक उघडत होती. मी मशीनवरून नजर वर केली. आपल्या फळीवर सुकवलेली मासोळी, लाखोळीची डाळ, वाळवलेली अंबाडी, मोहफुलांचं मडकं, सगळं नेहमीच्या जागी होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मी पाळीवर चारचौघांत छाती पुढं काढून सांगत आलो की डोमा ढिवर आषाढात जाळं पाण्यात घालत नाही. मी जाळं टांगतो तेव्हा घर कशावर चालतं, हा प्रश्न मला चीनमध्ये तीनदा दुष्काळ पडेपर्यंत सुचला नव्हता. मला भरून आलं. तिला मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, “बाजूले व्हा, उजेड अडून राह्यला.”

तेव्हापासून आम्ही दोघं राज्य करतो. म्हणजे ती करते, मी आगी बघतो.

मग राजाचा मोठा हुकूम आला, सरहद्दीवर मातीची भिंत घाला. ते काम बघायला तू इथं हवी होतीस. शेकडो माणसं रांगेनं येतात, टोपलीतली माती टाकतात, दुसरी माणसं ती ठोकून बसवतात, पुन्हा रांग. वर्षं उलटतात आणि भिंत वीतभर चढते. ठोकण्याचा आवाज मशीनमधून येतो, धप्, धप्. ते बघता बघता माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी उठून आपल्या तलावाच्या पाळीवर गेलो. लहानपणापासून आपण तिच्यावरून धावलो, तू मला तिच्यावरून एकदा ढकललंस, मी रोज तिथं वाटे मांडतो. ती कोणी घातली हे मी कधी विचारलंच नाही. एवढी लांब, एवढी उंच, यंत्राशिवाय, टोपली टोपलीनं! कोणाच्या तरी बायकोनं डोक्यावरून माती आणली असेल, कोणी तरी ती पायांनी तुडवली असेल, आणि त्यातल्या एकाचंही नाव गावात कोणाला माहीत नाही. तरी पाणी थांबलेलं आहे. मी खाली वाकून पाळीला हात लावला आणि कपाळाला लावला. वारलू गुराखी समोरून येत होता, त्याला वाटलं माझं काही हरवलं. तो बिचारा बराच वेळ माझ्याबरोबर शोधत होता.

आता भिंत फक्त चार आणे राहिली आहे. पण राजाच्या भिंतीपेक्षा भाचीचं कॉलेज मोठं, एवढं मला समजतं. काल गोकुळाला म्हटलं, मशीन द्यायचं. मला वाटलं ती भांडेल. ती एवढंच म्हणाली, “द्या. लेकराचं आहे, लेकराले द्या.” मी शहरातून शेवटची चक्कर मारली, टेकडीवरच्या घरापर्यंत जाऊन आलो, मग झाकण लावलं. तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मशीन पिशवीत ठेवलं आहे. घर मोठं वाटायला लागलं आहे, बाई.

भाऊजींना नमस्कार, रिंकूला आशीर्वाद. खोटं बोललो त्याबद्दल दोन शिव्या दे, तिसरी नको.

तुझा,
डोमा

ता. क. पिशवी धनराजच्या हातून उभीच्या उभी घे. आडवी केली तर शहराला काही होत नाही म्हणतात, पण उगाच कशाला.

ता. क. २. एक मागणं आहे, ते वर लिहायला धीर झाला नाही. रिंकूला सांग, मशीनमधलं आमचं शहर पुसू नकोस. जमलं तर आठवड्यातून एकदा उघडून कोठारं भरलेली आहेत का तेवढं बघत जा. आणि जुलै आला तर मासेमारी बंद करायला विसरू नको.

ता. क. ३. रुखमाबाईले गोकुळाचा नमस्कार. पत्र चिकटवाले यायनं मलेच देल्लं, म्हणून दोन वळी लिहून राह्यली. अक्षराले हसू नोका. पिशवीत मशीन नाई. लुगड्यात तांदूळ बांधला आहे, वजन बराबर केलं, जुना तांदूळ आहे, भात चांगला होते. रिंकूले म्हणा, शनिवारची गाडी धरून तूच ये, मामीजवळ दोन दिस राय, अन् मशीन घेऊन जाय. एक तारीख नाई चुकू देत, माझी जबान. तवरीक भिंत पुरी होते. यायले मंगळवारपासून चामोर्शीले मच्छीचं बीज आणाले जाचं आहे, चार दिस घरी नाई. त्यायले वाटते मशीन गेलं. फोन करून सांगू नोका, बाई. चार दिस राज्य मले एकटीले चालवू द्या.