थोरलीचं घर

प्रिय सेलेपताई,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "लावुरास, घर तूच ठेव. राबलास तू, दगड वाहिलेस तू. मी ताइपेईत बसून कशाला हक्क सांगू? सुगीच्या सणाला येते आणि सगळ्यांसमोर नाही म्हणून टाकते." त्यावर मी नुसतं "बरं, बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. तुला बहुतेक वाटलं असेल की मला भरून आलं. तसं काही नव्हतं. आई शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, आणि तिचे कान अजून किती तिखट आहेत ते तुला ठाऊक आहे. शिवाय मला फोनवर कधी धड बोलता आलेलं नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. अक्षर लावायला त्रास होईल. हात दिवसभर सिमेंटमध्ये असतात, पेन धरलं की बोटं वाकायला तयार होत नाहीत.

आई बरी आहे. बीपीची गोळी घेते, गुडघ्यांना तेल चोळून घेते, माझ्यावर ओरडते. आणि अजून ओसरीवरच आहे. घर पुरं होऊन इतके महिने झाले, पण तिने आत पाऊल टाकलेलं नाही. "घर पहिल्या लेकराचं; ती थोरली धडधाकट असताना धाकट्याने पेटवलेल्या चुलीवर मी आत जाऊन जेवू? गावाचं सोड, तुझा बाप वर बसून काय म्हणेल?" असं म्हणते आणि ओसरीतल्या गॅसवर भात शिजवते. न्हाणीघराला तेवढी तिने सूट दिली आहे. ते म्हणे घरात मोडत नाही, कारण डोंगरावरच्या जुन्या घरात ते होतंच कुठे! तर ती आपली मागच्या दाराने न्हाणीघरात जाते आणि मागच्याच दाराने बाहेर येते. झोपायला ओसरीतच खाट आणि मच्छरदाणी. मग मी तरी आत कसा झोपू? मीही तिच्या पलीकडे चटई टाकतो. आत फ्रीज एकटाच गुरगुरत असतो. येणारेजाणारे विचारतात, "काय मावशी, पहारा कुणाचा देताय?" आई म्हणते, "थोरलीच्या घराचा."

डोंगर सोडल्यावर मिळालेली ही वसाहत तू पाहिली नाहीस. तू मागे आलीस तेव्हा नुसतं उसाचं रान होतं आणि खुंट्या ठोकल्या होत्या. आता सरळ रांगा आहेत, सगळी घरं एकसारखी, एकाच रंगाची, दारावर नंबर. बांधून देणाऱ्या मंडळींनी भिंती-छप्पर मन लावून उभं केलं, फरशी-ओसरी ज्याची त्याने करायची; घाईही त्यांना करावीच लागली, नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण डोंगरावर आपण घराला नावाने ओळखायचो आणि माणसाला घराने. इथे सगळेच नंबर. क्युईमामाचा किस्सा सांगतो. गेल्या महिन्यात तो शेतावरून आला, दार ढकललं, टेबलाशी बसला, समोर ठेवलेला दोन वाट्या रस्सा प्यायला, आणि "आज मिठात हात का आखडलास?" म्हणून बाईवर खेकसला. बाईने मान वर केली तेव्हा कळलं की घर तिसऱ्या रांगेतलं आणि बायको दुसऱ्याची. ती बाईही खमकी. म्हणाली, "मामा, आता जेवलातच तर भांडी घासून जा." मामाने घासली म्हणे. त्यानंतर ज्याने त्याने दारासमोर काहीतरी खूण केली. कुणी रानडुकराच्या कवट्या टांगल्या, कुणी भिंतीवर साप रंगवला. आपल्या दारासमोर मी जुन्या घराचे काळे पाटीचे दगड रचले आहेत. ते दुरून ओळखू येतात.

त्या दगडांचं तुला सांगायचंच राहिलं होतं. पुरानंतर आपण लष्कराच्या रिकाम्या बराकीत राहिलो, तेव्हा तू ब्लँकेटं घेऊन आली होतीस. आईला धरून बसलीस, तिचे केस धुतलेस, मग तुझ्या सासूचा फोन आला आणि तुला निघावं लागलं. मला त्याचा कधी राग आला नाही. आला असता तर मी तेव्हाच बोललो असतो, मला राग पोटात ठेवता येत नाही. त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं, ताई. जेवणाच्या रांगेत उभा राहायचो, पुढचा सरकला की सरकायचो. कपड्यांचे खोके यायचे. एका खोक्यात नुसते चमचमते नाचाचे झगे निघाले. म्हाताऱ्या बायकांनी ते अंगावर धरून पाहिले आणि हसून हसून रडल्या. साउनियावचं सगळं घर नदीने नेलं होतं, बायको, आई, दोन्ही मुलं. तो आपला सगळ्यांना पाणी आणून द्यायचा. त्याच्याशी काय बोलावं ते आजही मला कळत नाही. पावसाने भिजलेला डोंगर एका संध्याकाळी नदीत कोसळला, नदी फुगून आली आणि गावाचा खालचा निम्मा भाग नाहीसा झाला. आपण वरच्या अंगाला होतो म्हणून राहिलो, यात आपली काही हुशारी नव्हती.

मग सरकारने सांगितलं, वर राहता येणार नाही, पण आपलं सामान उतरवून आणा. रस्ता तर तुटलेला. तेव्हा म्हाताऱ्यांनी पूर्वीसारखी कामाची टोळी बांधली. राळ्याच्या पेरणीला बांधायचो तशीच. आज एका घराची पाळी, उद्या दुसऱ्याची, सगळ्यांनी मिळून त्या घराचे दगड पाठीवर घेऊन उतरायचं आणि त्या घराने जेवण द्यायचं. आपल्या टोळीत आरुआइ होती. तुला ती आठवेल, खालच्या पाणवठ्याजवळच्या घरातली. तुझ्या लग्नात नाचताना तिच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट पडला होता आणि तिने तो लाथेने बाजूला सारून नाच पुरा केला होता, तीच. लग्न केलं नाही तिने. बापाला दिसत नाही, त्याचं सगळं तीच बघते. आपल्या घराच्या पाळीला दारावरची लांब शिळा कुणाला उचलेना. तिने एक टोक धरलं, मी एक. अख्खी उतरण ती मला टोचत होती. "बहिणीच्या घरासाठी एवढा धापा टाकतोस, स्वतःच्या घराची वेळ आली तर काय खाटेवर टाकून न्यायचं तुला?" मी म्हटलं, "मला कुठलं घर? मी धाकटा." ती म्हणाली, "धाकट्यालाही कुठेतरी अंग टाकावं लागतं की." मग आम्ही बसलो आणि तिने मला विडा दिला. चुना जास्त झाला होता, तोंड भाजलं, पण मी तो चघळून संपवला.

तिच्या घराच्या पाळीला घर नव्हतंच. नदीच्या काठाला फक्त मधला खांब चिखलात आडवा पडलेला होता. आम्ही तो उपसून काढला, तर पाठीवर बसवून वर आणलेला तिचा बाप त्याला हाताने चाचपत राहिला, त्यावर कोरलेल्या पूर्वजाच्या नाकावरून, कानांवरून बोटं फिरवत. म्हणाला, "हाच. चला." एवढंच. आता तो खांब त्यांच्या नव्या घरात उभा आहे, आपल्याहून चार रांगा खाली. बाप त्याला टेकून बसतो आणि दारातून जाणाऱ्याला पावलांवरून हाक मारतो. माझी पावलं तो लांबूनच ओळखतो. "आला बघ, बहिणीच्या घरचा गडी," म्हणतो. हे नाव आता गावभर झालं आहे. मुलंसुद्धा म्हणतात. मी हसतो.

ताई, मी थकलो आहे. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, म्हणायला वेळ नव्हता. सकाळी दुसऱ्यांच्या घरी गवंडीकाम, दुपारी वसाहतीची बैठक, म्हणजे पाण्याच्या नळावरून भांडण, संध्याकाळी परसात तुरी आणि अळूचे कंद लावायचे, कारण आई म्हणते बाजारचे कंद म्हणजे भिजलेला कागद. मधल्या वेळात आपलं घर. फरशी मी घातली, दगड मी रचले, आईला वाऱ्याची झुळूक लागावी म्हणून ओसरीचा कठडा दोनदा पाडून पुन्हा बांधला. सपाटीवर उकडतं फार. आई धुक्याची वाट बघते. इथे धुकं येत नाही, तिला सांगूनही पटत नाही. कधी कधी पाऊस लागला की सगळी वसाहत गप्प होते, कुणी टीव्हीसुद्धा लावत नाही. मग थांबतो आणि लोक पुन्हा बोलायला लागतात.

आता सणाचं. मुआकाइआजी अजून आहे, गावाचा रीतिरिवाज तिच्याच हाती. तिने ठरवलं आहे की या वर्षी राळ्याची सुगी झाली की नव्या वसाहतीतल्या प्रत्येक घरात एकाच दिवशी विस्तव न्यायचा. प्रत्येक घराच्या थोरल्याने, मुलगा असो की मुलगी, आजीच्या अंगणातून निखारा घ्यायचा, आपल्या उंबऱ्यात उभं राहून घराचं जुनं नाव मोठ्याने घ्यायचं आणि आत जाऊन चूल पेटवायची. आपल्या उंबऱ्यात "पालेवान" म्हणायला तू हवीस. मी आजीला विचारलं, ताई नाही म्हणाली तर? आजी म्हणाली, "नाही म्हणायला तोंडाने म्हणावं लागेल, सगळ्यांसमोर. मग घर पुढच्याचं. त्या दिवसापासून तू थोरला. मग तुझी सुटका नाही, पोरा, मेलास तरी त्याच घरातून." आई ऐकत होती. ती म्हणाली, "बरंच होईल. हा तरी घरात राहील." मी दोघींना चहा दिला आणि अंगणात जाऊन उगाच फावडं धुतलं.

तुला वाटतं, राबली नाहीस म्हणून तुझा हक्क गेला. म्हणून तू मोठ्या मनाने देऊन टाकायला निघालीस, मला कळतं. तुझा स्वभावच तसा. लहानपणी स्वतःच्या ताटातला डुकराचा तुकडा माझ्या ताटात टाकायचीस आणि मला भूक आहे की नाही तेसुद्धा विचारायची नाहीस. पण या वेळी विचार, ताई. आजवर विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगतो. आरुआइ तिच्या घराची थोरली आहे. नदीने तिच्या घरातलं सगळं नेलं, खांब आणि बाप तेवढा ठेवला. ती ते घर सोडून कुणाच्या घरी नांदायला येणार नाही, येऊही नये. मी थोरला झालो, तर मला जाता येणार नाही, आणि तिला येता येणार नाही. दोन थोरल्यांचं लग्न म्हणजे कुणातरी एकाची चूल विझवणं. ते ना ती करेल, ना मी तिला करू देईन. तिने मला स्वच्छ सांगितलंय, "धाकटा राहणार असशील तर सुगीनंतर ये." मला पन्नाशी गाठायला फार दिवस राहिले नाहीत. मला घर नको आहे, ताई, मला तिच्याकडे जायचं आहे. तू कायमची येऊन राहू नकोस, तुझी नोकरी, तुझी माणसं तिथे आहेत, ते मला समजतं. आईचं मी बघेन, चार रांगा चढून येणं म्हणजे काही डोंगर नाही. तू फक्त एक दिवस ये, तुझ्या मुलीलाही आण, निखारा हातात घे, घराचं नाव घे आणि आईला आत ने. एवढं घर मी बांधलं ते कुणी मला द्यावं म्हणून नाही गं. ते तुझ्या हाती देऊन मोकळ्या हाताने निघता यावं म्हणून.

तुझाच, आणि तू मनावर घेतलंस तर अखेरपर्यंत धाकटाच,
लावुरास