सोमवारची मोहफुलं

प्रिय माय,

तुला पुरून तीन महिने झाले आणि मी आता लिहायला बसलो. रागावू नको. रिबकाचं पत्र हिंडत हिंडत इथं कारखान्याच्या बांधकामावर पोचलं, तेव्हा तुझ्यावरची माती बसूनही गेली असेल. बहिणीनं एकटीनं सगळं केलं आणि मी इथं घमेली उचलत होतो.

आज काऊन लिहितो? आज सकाळी आमच्या झोपड्यांच्या ओळीत एका मजूर बाईनं ओलं फडकं सोडलं. आत कालची मोहफुलं बांधून ठेवलेली होती. त्यांचा वास आला आणि मी घमेलं टाकून खालीच बसलो. मुकादम ओरडला, "दारू न पिता चढली का रे तुले?" सगळे हसले. त्या वासाचं मी शेवटी सांगतो. आधी आपलं भांडण.

चार यत्तांत शिकवली तशी भाषा लिहितो. मधी मधी घरची घुसेल. तुला तर वाचताही येत नव्हतं, मग चूक कोण काढणार?

दोन वर्षांपूर्वी घर सोडताना मी तुला जे बोललो, त्यानं तुझा देवावरचा भरवसा मोडला का? तू कशाच्या आधारानं मेलीस? पत्र आल्यापासून हे एकच मी कुटत बसलो आहे.

तुझा देव मला कधी आवडला नाही, हे तुला मालूम होतं. बा जंगलात झाड पाडताना दबून मेला. त्याला पुरून आलो आणि शेजारच्या कौसाबाईनं पेज आणून दिली. तू त्या पेजेवरही हात जोडलेस! मी म्हणालो, "कशाचे उपकार मानतं माय? बा मेला म्हणून?"

तू म्हणालीस, "पेज आहे ना रे."

दहा वर्षांचा होतो मी. तुझं तोंड ओरबाडावं वाटलं मला तेव्हा.

आणि तुझा रविवार! वर्षातून वीस-पंचवीस दिवस मोहफुलं पडतात. आपल्या वाट्याला एकच झाड, नाल्याच्या वर. त्या फुलांवर आपलं मीठ, तेल, अंगावरचा कपडा. गावातली बाईमाणसं उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन निघायची, आणि रविवारी तू केस विंचरून, आम्हा दोघांना धुऊन ख्रिस्ती देवळात न्यायचीस. "रविवार त्याचा आहे. सोमवारी देईल तो." त्या दिवशीची फुलं मग गुरं खायची, अस्वल खायचं. कौसाबाई वाटेत अडवून म्हणायची, "काऊन वं, तुह्या देवानं अस्वलाले जेवाले बलावलं का?" तू हसायचीस. मी शरमेनं मरायचो.

बा गेल्यावर पहिलाच मोसम तो. घरात तांदूळ संपत आला होता आणि तरी तू देवळात निघालीस. मी पोट धरून आडवा पडलो. "माय, दुखते." तू माझ्या पोटावर हात ठेवून प्रार्थना केलीस आणि रिबकाला घेऊन गेलीस. तुमची पाठ वळली आणि मी टोपली घेऊन पळालो. अस्वलाच्या भीतीनं झाडाखाली जोरजोरात गाणं म्हणत फुलं वेचली, तेही तुझ्या देवळातलंच, दुसरं येतच नव्हतं. टोपली भरली. ओल्या फडक्यात फुलं बांधली, पळसाची पानं घातली आणि नाल्याच्या काठी खड्ड्यात लपवली. सोमवारी तुझ्या आधी उठलो आणि सगळी फुलं झाडाखाली पसरून आलो. ताजी दिसावी म्हणून वरून पाणीही शिंपडलं. अकरा वर्षांच्या डोक्याला ही मोठी हुशारी वाटली.

मग तुझ्या मागून आलो, जसं काही मालूमच नाही. तू झाडाखाली उभी राहिलीस. एक फूल उचललंस, नाकाशी नेलंस. मग खाली गुडघ्यावर बसलीस आणि रडलीस. मला वाटलं, फसली!

दोन टोपल्या भरल्या त्या दिवशी. पण घरी आल्यावर तू काय केलंस? अंगणात बसून फुलं निवडलीस, दोन ढीग केलेस, आणि एक ढीग उचलून कौसाबाईच्या म्हशीपुढं ओतलास! मी अस्वलाच्या तोंडातून फुलं आणली आणि अर्धी म्हशीनं माझ्यासमोर खाल्ली. मी ओरडलो, "पागल झाली का?" तू म्हणालीस, "हे आपलं नाई बाळा. जनावराले खाऊ दे." देवाला वाटा काढला, असं मला वाटलं. त्या दिवसापासून तुझा देव आणि ती म्हैस मला सारखेच दिसायला लागले.

पुढच्या रविवारी तू देवळात साक्ष द्यायला उभी राहिलीस. "म्या रविवार त्याले देला, अन् त्यानं मले सोमवारी देलं. प्रभू चांगला आहे." पाळकसाहेबांनी विचारलं, "म्हणजे मोहफुलं दुप्पट पडली का बाई?" तू मान हलवलीस. "फुलाचं नाई म्हणत साहेब. देलं म्हटलं." एवढंच बोलून खाली बसलीस. लोकांनी हसू दाबलं. कौसाबाईनं दोन टोपल्या पाहिल्याच होत्या, तिनं ते गावभर केलं. तुझं नाव पडलं दुप्पटवाली. बाजारात मिठाचा दुकानदारही म्हणायचा, "ये दुप्पटवाली, तुले मीठ काऊन लागते? देव देईन ना सोमवारी." सगळे हसायचे. आणि माय, त्यांच्यात मीही हसायचो. तुझ्या शेजारी उभा राहून.

त्या वर्षापासून तुझ्या जेवणाआधीच्या प्रार्थनेला एक शेपूट लागलं. "प्रभू, भातासाठी उपकार. मिठासाठी उपकार. रिबकासाठी, दान्यासाठी उपकार. अन् त्या सोमवारासाठी उपकार." नऊ वर्षं, दोन वेळा, भात निवेपर्यंत मी हे ऐकलं. दर वेळी वाटायचं सांगून टाकावं. दर वेळी भातासोबत ते गिळलं.

मग निघायचा दिवस आला. कारखान्याचं बांधकाम निघालं होतं, माणसं पाहिजे होती. मला गावात बसवत नव्हतं. तू माझ्या वाटेसाठी भात फडक्यात बांधत होतीस आणि एकच सांगत होतीस.

"नको जाऊ रे. देव इथंच देईन. त्या सोमवारी देलं नाई का?"

तेव्हा मी बोललो. आठवतं ना? तुला न आठवून कसं चालेल!

"कोणता देव? म्या टाकली होती तुही फुलं! म्या अन् माह्या दोस्तानं, चिंधूनं! झुडपामांगं बसून हसून राह्यलो होतो आमी, पोट दुखेपर्यंत. तुह्यी गंमत पाहासाठी केलं."

तुझा हात गाठीवर थांबला. रिबका चुलीपाशी होती, ती उठून उभी राहिली. तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. गाठ मारलीस, फडकं माझ्या हातात दिलंस.

"गाडी चुकंल तुह्यी," म्हणालीस.

सिंदेवाही ठेसनावर मी तो भात खाल्ला. छान लागला, माय. जिंकलो वाटत होतं.

आता रिबकाच्या पत्रातलं सांगतो. तुझ्या तापाचं, पुरण्याचं लिहून झाल्यावर तिनं खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, "माय शेवटच्या दिवसापर्यंत पेजेवर हात जोडत होती. पण तू गेल्यापासून सोमवाराचे उपकार तिनं कधी मानले नाही. तुझं नाव घेऊन थांबायची, मग पेज प्यायची."

हे वाचून मला वाटलं, संपलं. मी हिचा देव मारला, आणि नुसते हात जोडायची सवय राहिली. पत्र आल्यापासून हेच वाटत होतं, आज सकाळपर्यंत.

आज तो वास आला. ओल्या फडक्यात एक दिवस बांधलेल्या फुलांचा. आंबट, दारूच्या वाटेला लागलेला. आंधळ्यालाही कळेल, माय! ताजं फूल गोड वासाचं, टचटचीत. कालचं मऊ, काळपट. मोहाखाली जन्म गेलेली बाई एक फूल नाकाशी नेते आणि तिला कळत नाही?

तुला पहिल्याच फुलाला कळलं होतं. म्हणून अंगणात बसून एक एक निवडलंस. रविवारी वेचलेलं तू घरात घेणार नव्हतीस, म्हणून म्हशीला घातलंस. आणि पोट दुखते म्हणून घरी राहिलेलं पोरगं एकच होतं.

फसलो तो मी. तुला देवानं फुलं दिली असं तू कधी म्हणालीसच नाहीस. बाप मेलेलं, सारखं चिडलेलं पोरगं अस्वलाच्या वाटेत जाऊन मायसाठी टोपली भरून आणतं, त्याचे उपकार तू मानत होतीस. दुप्पटवाली म्हणवून घेतलंस, पण माझी चोरी कोणाला सांगितली नाहीस. शेजारी उभा राहून मी हसलो तरी नाही.

आणि मी जाताना काय सांगितलं? गंमत पाहासाठी केलं.

देव नाही मोडला तुझा. तो मजबूत निघाला. तुझ्या हातातून मी मला काढून घेतलं. माझ्या नावापाशी तू शेवटपर्यंत थांबत होतीस, ते याच्यापायी.

ते खोटं होतं, माय. चिंधू नव्हताच तिथं, तो त्या दिवशी मामाच्या गावी होता. झुडपामागं कोणी हसलं नाही. मी एकटा होतो, अस्वलाच्या भीतीनं गात होतो, आणि तुझ्यासाठीच वेचलं. हसलो ते नंतर, गाव हसलं म्हणून. हे एवढं सांगायला मी दोन वर्षांत एक कार्ड टाकू शकत होतो. नाही टाकलं. आता तुला ऐकू येते का? तुझा देव चांगला आहे ना, मग त्यानं तुला हे ऐकवायच्या आधी का नेलं? मला याचं उत्तर पाहिजे. तुझ्यासारखं पेजेवर हात जोडून मी गप्प बसणार नाही.

पण एक वचन देतो. फुलं पडायची थांबायच्या आत मी येतो. रविवारी आपल्या झाडाखाली जाणार नाही. अस्वल खाऊ दे. देवळात जातो, तू उभी राहिलीस तिथं उभा राहतो आणि पाळकसाहेबांच्या, बाहेर आल्यावर कौसाबाईच्या, सगळ्यांच्या तोंडावर सांगतो की त्या सोमवारची फुलं मी टाकली होती, माझ्या मायसाठी, आणि तिला ते पहिल्यापासून मालूम होतं. हसणारे हसू दे. तोवर दोन वेळा, भात निवला तरी, तुझी राहिलेली सोमवारची ओळ मी म्हणतो. देव चांगला आहे, हे अजून माझ्या तोंडातून निघत नाही. तेवढी एक ओळ निघते.

टोपली भरणारा, तुझाच

दान्या