अक्कांचं खापर, तीन विटांवर

प्रिय अक्का,

सासूला पत्र लिहिणारी सून पिंप्राळ्यात मी एकटीच असेन, तीही सासू गेल्यावर. पण आज आखाजी, अक्षय्य तृतीया. तुमच्या नावाची पहिली घागर भरली, वर खरबूज, तुमचं डांगर, ठेवलं. पुढे जे झालं ते माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहितेय.

मागची आखाजी आठवते? पुरणाचे मांडे खापरावरच व्हायला हवेत म्हणून तुम्ही ते भलंमोठं मातीचं खापर काचेच्या शेगडीवर पालथं घातलंत. मी म्हटलं, "अक्का, याने बर्नर झाकला जातो. आच कोंडते, खालची नळी तापेल."

"माले नको शिकाडू. तो बी चूल्हाच शे," तुम्ही म्हणालात.

आधी बटणं मऊ पडली, मग काच तडकली. तुमच्या मुलाने धावत येऊन रेग्युलेटर बंद केला. आणि तुम्ही काय म्हणालात? "काच तडकनी, खापर नही." घर जळता जळता वाचलं आणि तुम्हाला कौतुक खापराचं! नॉनस्टिक तवा राखेने घासून पांढरा केलात, तेव्हाही असाच तोरा होता.

या वर्षी भुसावळच्या ताईंनी, तुमच्या लेकीने, फोनवर बजावलं, "वहिनी, तव्यावरची पोळी अक्काला चालणार नाही." मलाही ते माहीत होतं. पण ते खापर मी गॅसवर चढवणार नव्हते. मग गच्चीवर तीन विटा मांडल्या, लाकडं पेटवली.

हातावर मांडा फिरवायला तुम्ही मला कधी दिला नाहीत. का हो? फाडेन म्हणून? पहिला फाटलाच. दुसऱ्याला भोक पडलं. तिसरा बरा झाला, तोच तुमचा. त्याच चुलीतले निखारे काढून त्यांवर आगारी टाकली, पितरांचा घास. एरवी आगारीसाठी आपण गोवरी गॅसवर पेटवायचो. आज तुमचा घास तुमच्याच चुलीवर गेला.

आवरताना मात्र घात झाला. तापलेलं खापर मी खाली उतरवलं आणि चुलीभोवतीची गच्ची मी नुकतीच धुतलेली. मातीचं गरम भांडं ओल्यावर ठेवू नये, हे तुम्ही मला उठता-बसता सांगायचात. कट्‌ असा आवाज आला आणि दोन तुकडे झाले.

तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नव्हतं. बायकांनी ते बोलूनही दाखवलं. आज त्या तुकड्यांपाशी बसून मी पोटभर रडले. तुम्ही नाही आहात, हे मला आज कळलं.

पुढच्या आखाजीला नवं खापर आणेन. विटांवरच चढवेन, गॅसवर नाही, तुम्ही कितीही रागावलात तरी. आणि उतरवताना खाली कोरडी गोणी अंथरेन.

तुमचं न ऐकणारी,
शैला