आठ पानं, दोन ओळी आणि मामांचं नाव

हॅनकॉक, मिशिगन
१४ जुलै

तीर्थरूप रेनोमामा यांना भाची केर्तूचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे मजेत आहोत, तुम्हीही असालच. डावा गुडघा काय म्हणतो? हेल्मीमामीच्या पाठीला सौनाची, म्हणजे तुमच्या त्या वाफेच्या खोलीतली वाफ लागू पडली का? हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं. पण तुम्ही फोन उचलता, 'हं' म्हणता आणि मामीच्या हातात देता. मग मामीकडून तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत बातमीत इतकी भर पडते, की मागच्या खेपेला माझं साधं पडसं तुम्हाला न्यूमोनिया म्हणून कळलं आणि तुम्ही सुकवलेल्या माशांचा डबा पाठवलात. (मासे छान होते.) म्हणून पत्र लिहितेय. चष्मा लावा आणि बसून वाचा, कारण बातमी अशी आहे की आपण जिंकलो! 'आपण' हा शब्द मी पूर्ण शुद्धीत लिहिला आहे.

तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा, पण ती मांडल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही. एकेचाळीस वर्षं दर हिवाळ्यात तुम्ही हाउकी तळ्याच्या बर्फावर एक मोडकी खुर्ची नेऊन ठेवता. तिच्या पायाला दोर, दोराचं दुसरं टोक धक्क्यावरच्या विजेच्या घड्याळाला. वसंतात बर्फ फुटला की खुर्ची बुडते, दोर ताणला जाऊन घड्याळाची पिन निघते, घड्याळ बंद पडतं, आणि तुम्ही ती तारीख गळ-आमिषाच्या दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरवर लिहिता. गावाला हा म्हाताऱ्याचा चाळा वाटतो. पण तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारखीला, हवामान कसं बदलतंय ते सांगणाऱ्या अशा एकेचाळीस तारखा म्हणजे घबाडच. तीस वर्षांपूर्वी एक सरकारी साहेब येऊन तुमच्या तारखा घेऊन गेला आणि त्याने त्या 'स्थानिक सूत्रांकडून' एवढंच म्हणून छापल्या. तेव्हा तुम्ही महिनाभर कुणाशी बोलला नाहीत. (ते कुणाच्या लक्षात आलं नाही ही गोष्ट वेगळी.) पण ते पत्रक अजून सौनाच्या फळीवर आहे आणि इतक्या वर्षांत तुम्ही ते सरपणात घातलेलं नाही, हे मी पाहिलंय. जानेवारीत कॅलेंडरांची खोकी गाडीत टाकताना मी मनाशी ठरवलं होतं की या खेपेला सूत्रबित्र काही नाही, नाव छापून आणायचं.

आता तुम्हाला वाटेल की निबंध लिहिला की झालं. अहो मामा, लिहिणं सर्वांत सोपं! ज्या तळे-अभ्यासकांच्या परिषदेत तो वाचायचा, तिने एक साचा पाठवला होता. आठ पानं, नववं पान दिसलं की निबंध न वाचता परत. प्रत्येक पानावर दोन रकाने, अक्षर एवढंच, समास तेवढाच, आकृतीखालची ओळ तिरकी, कोष्टकावरची ओळ सरळ. एकेचाळीस वर्षांचा आलेख मी तिसऱ्या पानावर बसवला की तो उडी मारून संदर्भसूचीत जाऊन बसायचा. त्याला परत आणला, तर नकाशा गायब. एकदा मी फक्त एक स्वल्पविराम काढला आणि सगळा निबंध एका रकान्यात उभा राहिला. तुमच्या जावयाने, ड्वेनने, स्वयंपाकघरातून विचारलं, "रडतेस की हसतेस?" दोन्ही चालू होतं.

त्यात दुसरा नियम असा की परीक्षकांना लेखक कोण ते कळता कामा नये. ओळखीपाळखीने गुण देऊ नयेत म्हणून नावं, गाव, विद्यापीठ, सगळं पुसायचं. पुसलं. मग पाचव्या पानावरच्या खुर्चीच्या फोटोकडे लक्ष गेलं. पाठीवर तुमच्या हातच्या लाल रंगात हातभर अक्षरं: 'ही रेनो लाहतेलाची खुर्ची आहे. बसू नये.' तिच्यावर काळी पट्टी चिकटवावी लागली. आता ती खुर्ची पोलिसांना हवी असल्यासारखी दिसते.

पण खरा डोंगर होता पेंगिलीसर. माझे मार्गदर्शक. माणूस देवासारखा, पण नियमाला धरून चालणारा. मी लेखकांत तुमचं नाव घालायचं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "केर्तू, बाई माझे, तारीख लिहून ठेवणं म्हणजे संशोधन नव्हे. ज्याने डोकं चालवलं तो लेखक. बाकीच्यांचे आपण आभार मानतो." आणि परीक्षकांकडे जाणाऱ्या प्रतीत आभारसुद्धा चालत नाहीत, म्हणजे तुम्ही त्यातूनही गेलात. बरं, 'नंतर बघू' म्हणायची सोय नाही, कारण निबंध पाठवताना भरलेल्या यादीत पुढे एकही नाव घालता येत नाही. वर २००३ सालची तारीख निघाली २९ मार्च, बाकीच्यांच्या कितीतरी आधी. सरांनी ती गाळली आणि निबंधात वाक्य घातलं की 'ही नोंद निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे अग्राह्य ठरते.' माझा जीव कळवळला, मामा. तुमचं नाव राहिलं बाजूला, हलगर्जीपणा तेवढा छापून येणार होता.

आणि एवढं करून शेवटच्या दिवशी निबंध भरला आठ पानं आणि दोन ओळी. त्या दोन ओळी नवव्या पानावर एकट्या बसलेल्या. दिवसभर मी 'अत्यंत' आणि 'तथापि' वेचून काढत होते, तरी त्या हलल्या नाहीत. संध्याकाळी सर म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू," आणि घरी गेले. मीही घरी आले, ड्वेनवर विनाकारण ओरडले आणि नऊ वाजताच झोपले.

सकाळी साडेपाचला ड्वेन बर्फ उपसायच्या गाडीवर निघाला होता. (एप्रिल संपत आला तरी सहा इंच पडला होता, तुमच्याकडेही पडला असेल.) निसूचा, त्या वेलचीच्या गोड पावाचा तुकडा चघळत तो टेबलावरचा परिषदेचा कागद वाचत उभा. "अगं ए, ऊठ! इथे लिहिलंय, पृथ्वीवर कुठेही तो दिवस शिल्लक असेपर्यंत निबंध घेऊ. कुठल्यातरी बेटावर अजून कालच चालू आहे की!" हिशेब केला, तर आमच्याकडच्या सकाळी आठपर्यंत मुदत. मी त्याच्या गळ्यातच पडले.

कापायला वाक्य शोधताना मी आधी २००३चंच कॅलेंडर काढलं. चौकोनात ठळक २९ मार्च. आणि समासात, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत तुम्ही लिहिलेलं: 'घड्याळ खोटं बोलतंय. दोर बीव्हरने ओढून कुरतडला, दातांच्या खुणा आहेत. बर्फ अजून पक्का. रोज जाऊन पाहतो. खरी तारीख २१ एप्रिल, स्वतः पाहिली.' मधल्या टप्प्यावर कुणीतरी समास न वाचताच आकडा उतरवला होता.

मी सरांना फोन केला. ते सपाता घालून, कोटाखाली पायजम्यात, बर्फातून आले. कॅलेंडर खिडकीशी नेऊन दोनदा वाचलं. मग पुन्हा एकदा, मोठ्याने. "हा माणूस स्वतःच्या यंत्रावर संशय घेतो," ते म्हणाले, "पुरावा शोधतो, तीन आठवडे रोज तळ्यावर जातो आणि आपलीच नोंद खोडून काढतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना हे शिकवून येत नाही. आणि मी यांना हलगर्जी म्हणालो?" त्यांनी स्वतःच्या हाताने ते वाक्य उडवलं. ते बरोब्बर दोन ओळींचं होतं! नववं पान नाहीसं झालं. आलेखसुद्धा तिसऱ्या पानावर गुपचूप बसला. मग सर म्हणाले, "दुसरं नाव त्यांचं घाल. माझं शेवटी." सात बावन्नला निबंध गेला. मी सरांना कॉफी दिली आणि त्यांच्यासमोर मनसोक्त रडले.

काल उत्तर आलं. निबंध स्वीकारला! एका परीक्षकाने लिहिलंय की नोंदी ठेवणाऱ्याला आमचा नमस्कार कळवावा. तो या पत्राने कळवते. सोबत पहिलं पान आहे. शीर्षकाखाली बघा: केर्तू निएमेला, रेनो लाहतेला, आर्थर पेंगिली. मामीला दाखवा, गावाला दाखवा, आणि ते साहेबाचं पत्रक आता खुशाल चुलीत घाला.

मामीला नमस्कार, तुमच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवा.

तुमची लाडकी (आणि आता सहलेखिका),
केर्तू

ता. क. समास न वाचणारं ते 'कुणीतरी' म्हणजे मीच. सरांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगणार नाही याची खात्री आहे, कारण तुम्ही कुणालाच काही सांगत नाही.

ता. क. दुसरा. आता याच बाबतीत जरा अडचण आहे. परिषदेचा नियम असा की लेखकांपैकी एकाने समोर उभं राहून बारा मिनिटं बोलायचं, नाहीतर निबंध पुस्तकातून काढतात, नावांसकट. तारीख १४ ऑक्टोबर, गाव हॅलिफॅक्स. मला डॉक्टरांनी १२ ऑक्टोबर दिली आहे. (हो, तेच, पाळणा हलणार. या खेपेला मामीला बातमी तुम्ही सांगा, वाढवायला तिला नंतर वेळ आहे.) सरांच्या खुब्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे. लेखक तीन, त्यांतले दोन गेले. तुम्ही ग्रीन बेच्या पलीकडे कधी गेला नाहीत हे मला माहीत आहे. तिकिटं दोन काढली आहेत, मामीला खिडकीपाशी बसवा.

ता. क. तिसरा. नाही म्हणण्याआधी एवढं ऐका. भाषण करायचं नाही. फक्त उभं राहायचं आणि तारखा वाचायच्या, पहिल्या वर्षापासून, सावकाश. पहिल्या दहांत निम्म्या मे महिन्यातल्या आहेत. शेवटच्या दहांत मे एकदाही येत नाही. तिथे बसलेली सगळी माणसं तळ्यांची आहेत, त्यांना पुढचं कळेल.