दोन क्लचची गाडी आणि माझा डावा पाय

गाडी विकायला काढलीस हे मला गिऱ्हाइकाच्या तोंडून कळावं? दारात परका माणूस उभा, म्हणे "आजी, गाडी बघायला आलोय." मी इथे तुझी गाडी सांभाळते की दुकान चालवते?

असो. चिरंजीव ढब्बूस आजीचे आशीर्वाद. तुझी सर्दी गेली असेल. इकडे सगळे मजेत. सगळे म्हणजे मी. गुडघे दुखतात, पण ते आपले आपण दुखतात, मला विचारत नाहीत.

आता गाडीचं ऐक. मला परदेशातून शिकवू नकोस. तुझ्या बापाला दुधाचे दात होते तेव्हापासून मी शाळेची व्हॅन चालवली आहे. पण ह्या गाडीत क्लचचं पेडलच नाही (तू जाताना पुस्तक दिलंस, बारीक अक्षराचं; माझी शाळा चौथीत संपली हे विसरलास). माझ्या डाव्या पायाला हे कोण सांगणार? सिग्नल आला की तो उठतो आणि क्लच समजून ब्रेक हाणतो. शेजारच्या नर्सबाईंना दवाखान्यात सोडायला निघाले, तर पट्टा होता म्हणून त्यांचं नाक वाचलं. "उतरते आजी, इथून जवळच आहे," म्हणाल्या. जवळ कसलं, अर्धं गाव बाकी होतं! तेव्हापासून त्या सीटवर बटाट्यांची पिशवी बसते. पिशवीला पट्टा लावा म्हणून गाडी टिंग टिंग करत राहते. (मी लावत नाही. तेवढाच आवाज.)

परवा पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या. व्हॅन मी चढावर हाफ क्लचवर अशी धरायचे की चाक तसूभर मागे जायचं नाही. ड्रायव्हरची अब्रू ती. हीसुद्धा तशीच धरली, ब्रेक न लावता, नुसत्या रेसवर. थोड्या वेळात समोर लाल अक्षरं आणि जळका वास. मागचा बसवाला ओरडला, "आजी, आत चहा टाकलाय का?" मी म्हटलं, "कप घेऊन ये, देते."

गॅरेजवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, आत दोन क्लच असतात; एकाकडे एक, तीन, पाच हे गिअर, दुसऱ्याकडे दोन, चार, सहा. एक राबत असला की दुसरा पुढचा गिअर लावून तयार बसतो. म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन जावा: एक ढवळतेय, तर दुसरी ताट धरून उभी. आणि भांडण नाही! माझं नि माझ्या जावेचं असं एक दिवस जमलं नाही. (ती गेली आणि घरात भांडायलाही कुणी उरलं नाही, ते वेगळं.) चढावर नुसत्या रेसवर उभी केली तर क्लच घासून तापतो, असं त्याचं म्हणणं.

तर तुझी गाडी ही अशी. गिऱ्हाइकाला मी सगळं सांगितलं, जळक्या वासासकट. बिचारा किल्लीला हात न लावता गेला. मग काय खोटं बोलू?

तुझी आजी

ता. क. गार झाल्यावर गॅरेजवाल्याने तपासली, गाडीला काहीच झालेलं नाही म्हणाला. लोण्यासारखी चालते म्हणे. हे गिऱ्हाइकाला सांगायचं राहून गेलं.

आणखी एक ता. क. राहून गेलं नाही, सांगितलं नाही. दर रविवारी तुझा फोन येतो आणि तू विचारतोस, "आजी, गाडी काढलीस का?" बाकी काही विचारल्याचं मला आठवत नाही. गाडी गेल्यावर रविवारी काय विचारशील? विकायचीच असेल तर स्वतः येऊन वीक, परस्पर माणसं धाडू नकोस. आणि उत्तर तू द्यायचंस. तुझ्या बापाकडून निरोप आला तर मी घरात नाही.