भिंतीवरून आलेल्या चेंडूंसह घराची व्यवस्था

मी, फादर चालवतात त्या मुलग्यांच्या शाळेला पाठ लावून असलेल्या घराची मालकीण व त्या शाळेच्या सुताराची विधवा, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही भिडेला न पडता हे मृत्युपत्र सांगत आहे. मला अक्षरओळख नाही. लिहून घेणारे शाळेचे निवृत्त कवायत मास्तर आहेत. माझे बोलणे गाळल्यास भूत होऊन त्यांच्या शिट्टीत बसेन, असे त्यांना बजावले आहे.

१. रंधा, करवत, पटाश्या मुलाला. शाळा चर्चच्या कोठीत भरे, मुले फरशीवर बसत. पुढे सगळे बाक आमच्या ह्यांनी याच हत्यारांनी केले. तेव्हाचे फादर मुलांच्या तळहातावर छडी मारत आणि संध्याकाळी प्रार्थनेनंतर त्याच तळहाताला स्वतः मलम लावत. मुलाने हत्यारे विकू नयेत. वापरायची सक्ती नाही. त्याने जन्मात खिळा सरळ ठोकलेला नाही.

२. सोन्याच्या कुड्या सुनेला. तिने कधी मागितल्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून माझ्या कानांकडे बघून बोलते, एवढेच.

३. माझ्या अंगणात चेंडू पडला की भिंतीवर चढून त्या दिवशीची कविता म्हणायची, मगच चेंडू परत, असा माझा कायदा होता. मुले पहिले कडवे म्हणत, चेंडू झेलत आणि धूम ठोकत. त्यामुळे मला कविता ढीगभर येतात, शेवट एकीचाही येत नाही. शाळेत मला पाऊल टाकता येई ते सुट्टीत, बाक पुसायला. पुसून झाले की पहिल्या बाकावर जरा बसत असे. समोर फळा कोरा. आता भिंतीवर उंच जाळी लागली, चेंडू येत नाहीत. मधल्या सुट्टीत कान मात्र अजून भिंतीकडे जातो.

४. हे घर व अंगण शाळेला मैदानासाठी हवे आहे, मुलाला विकायला हवे आहे. मी ते शाळेला देते, एका अटीवर: माझ्या नातीला पुढच्या दाराने आत घेऊन आठवीत बसवावे, आणि तिच्यामागून येतील त्या मुलींनाही. नवे वर्ग भरेपर्यंत हे न झाल्यास घर मुलाचे.

५. हल्लीचे मुख्याध्यापक फादर याच शाळेत शिकले. माझी अट ऐकून ते म्हणाले, "आजी, ही पहिल्यापासून मुलांची शाळा आहे."

मी म्हटले, "फादर, तुमचा चेंडू अजून माझ्याकडे आहे."

लहानपणी त्यांचा चेंडू अंगणात पडला, त्या दिवशी त्यांची कविता पाठ नव्हती. लाल होऊन भिंतीवरून उतरले ते परत आलेच नाहीत. माझे ऐकून फादरांनी विचारले, "अजून आहे?"

आहे. पिठाच्या रिकाम्या डब्यात. अट पाळली तर तो त्यांना द्यावा, कविता माफ.

६. घर पाडले तरी मागच्या दाराची पायरी ठेवावी. नातीने शाळेच्या पहिल्या दिवशी तिथे बसून एक कविता म्हणावी. मी ऐकते की नाही ते माझे मी बघेन. तिला कुठला चेंडू झेलून पळायचे नाही. शेवटचे कडवे सावकाश म्हणावे.

स्थळ: मागचे अंगण, जाळीच्या सावलीत
दिनांक: ४ मार्च

डाव्या हाताचा अंगठा: सुताराची विधवा

आमच्यासमक्ष वाचून दाखवले व अंगठा उठवला:
साक्षीदार १: शेजारची शिंपीण (सही)
साक्षीदार २: चर्चमध्ये पेटी वाजवणारे काका (सही)

लिहिणार: कवायत मास्तर. काहीही गाळलेले नाही. (सही)