तुझं नाव, परक्या तोंडी

अम्मा,

काल तुला न विचारता मी एक गोष्ट केली आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. आज हॉस्पिटलात एकच नमुना दोनदा मशीनला लावला. घरी आले, कुकर चढवला आणि शिट्ट्या किती झाल्या ते विसरले. तू कधी काही विचारायची नाहीस, नुसती बघत राहायचीस, मग मीच सगळं सांगून मोकळी व्हायचे. आता बघणारं कोणी नाही म्हणून लिहितेय, आणि तेही धड बसून नाही, ओट्याला टेकून.

तुझी नात, जिच्या जन्माला तू इथे जेद्दाला आली होतीस, ती आता अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीत काळ्या लोकांच्या इतिहासावर संशोधन करते. त्या जागेला लॅब म्हणतात. माझा जन्म रक्त-लघवीच्या लॅबमध्ये गेला, त्यामुळे मला वाटलं तिथेही काचेच्या नळ्या असतील. तसं काही नाही. घडीच्या खुर्च्या, पुस्तकं, एक लांबलचक टेबल, आणि दर महिन्याला आसपासच्या वस्तीला आवतण. म्हाताऱ्या बाया जुने फोटो आणतात, पोरं त्यांच्या प्रती काढून देतात, कोणी घरून भात-कोंबडी आणतं, कोणी गातं. शेवटी एकेकानं उठून आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, ते कुठलं ते सांगायचं, आणि सगळ्यांनी ते नाव मोठ्यानं परत म्हणायचं. हा त्यांचा रिवाज. या वेळी त्यांनी समुद्रापलीकडे दुसऱ्या मुलखांत नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या लेकीसुनांना बोलावलं होतं. पोरीनं माझं नाव दिलं. नुसतं दिलं नाही, कार्यक्रमाचं पोस्टर केलं, त्यावर ‘सिद्दी, कोकण किनारा’ असं छापलं आणि ते सगळ्या खानदानाच्या ग्रुपवर टाकलं. निळ्या खुणा एकामागून एक उमटत गेल्या आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

मी तिला लगेच फोन लावला. “मला विचारायचं तरी होतंस.”

“इसमें क्या पूछना, मम्मी? नानी का नाम ही तो लेना है. टू मिनिट्स.”

दोन मिनिटं. तिला कसं सांगू की तू त्या दोन मिनिटांवर सबंध आयुष्य झाकण ठेवून बसली होतीस? मला ते लग्न आठवतं, अब्बांच्या गावचं. मी लहान आहे. अंगणात ढोल वाजतोय, बायका हळदीला बसल्यात, आणि मी मोठ्या फुशारकीनं सांगते की माझे मामा याहून भारी वाजवतात, उरुसात सगळी सिद्द्यांची वाडी नाचते. बायका हसल्या. एकीनं माझे केस चिमटीत धरून दुसरीला दाखवले. तू मला मनगटाला धरून स्वयंपाकघरात नेलंस, समोर तांदळाचं सूप ठेवलंस आणि खडे वेचायला बसवलंस. “गप ऱ्हा. हिकडं वाडीचं काय बोलायचं नाय. उद्या तुझं लगीन करायचंय मला.” त्या गावचं मला कधी कळलंच नाही. पाहुण्यांना सिद्दी नवाबाचा किल्ला दाखवायला सगळे पुढे, आमचा नवाब, आमच्या तोफा. आणि त्याच रक्ताची बाई सून म्हणून घरात आली की तिच्या केसांवरून कुजबुज. तुला तर नावानं हाक मारणारंही कोणी नव्हतं. अब्बांची तू ‘अगो’, गावाची ‘अमक्याची आई’. तुझं नाव मी फक्त मामांच्या तोंडून ऐकलं, तेही आपण वाडीला जायचो तेव्हा.

गेला आठवडाभर मी जेद्दाच्या या अझीझिया भागातल्या फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घातल्या. जाऊ नये असं ठरवलं की पोरीचा चेहरा समोर येई, जावं म्हटलं की तुझा हात मनगटाला लागे. शेवटी तुझा जावई कावला. “सगळ्या गावाला ठावं हाय तुझी आई कुठली ती. एक तुलाच वाटतंय झाकलंय म्हणून. बोल नायतर नको बोलू, पण एका जागी बस.” मला राग आला. खरं बोलला म्हणूनच आला.

आणि मला मदिना आठवत राहिली. पोर चाळीस दिवसांची झाल्यावर आपण गेलो होतो. हॉटेलच्या बायकांच्या खोलीत एक सुदानी बाई तुझ्याजवळ येऊन बसली. तिला तुझी भाषा नाही, तुला तिची नाही. तिनं तुझ्या डोक्यावरची ओढणी सारली, केसांतून बोटं फिरवली आणि वेण्या घालायला घेतल्या, बारीक, डोक्याला चिकटून. मला वाटलं तू उठशील. तू डोळे मिटून बसलीस. तुला इतकी सैल बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. आणि गावी परतायच्या आदल्या दिवशी तू त्या सगळ्या एकेक करून सोडल्यास. “घरी जायचंय,” म्हणालीस. अम्मा, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

काल असरची नमाज झाल्यावर लॅपटॉप उघडला. तिथे सकाळ होती, टेबलावर खाणं मांडलेलं, खोली भरलेली. माझी पाळी आली. पोरगी माझं इंग्रजी करून सांगायला शेजारी उभी. मी मराठीतच म्हटलं, माझी आई सिद्दी होती, समुद्राकाठच्या वाडीतली, तिला हे सांगितलेलं आवडायचं नाही, आणि मी ते सांगतेय कारण तिला ते लपवावं लागलं याचा मला संताप येतो. पोरगी मध्येच थांबली, डोळे पुसले, मग पुढे सांगितलं. मी तुझं नाव घेतलं. माझ्या तोंडातून ते बाहेर पडायची ती पहिली वेळ असावी, आईला कोण नावानं बोलवतं? आणि ती सगळी खोली, म्हाताऱ्या, पोरं, मागे प्लेटा उचलणारा माणूस, सगळ्यांनी एका आवाजात ते परत म्हटलं.

मी हात हलवला. म्हटलं, नाही, असं नाही, पुन्हा म्हणा. त्यांनी माफी मागितली आणि जपून, सावकाश पुन्हा म्हटलं. “अब ठीक था, मम्मी?” पोरगी विचारते. मी म्हटलं, अजून एकदा.

आता ग्रुपवर तुझी धाकटी जाऊ विचारतेय, कार्यक्रम कसा झाला. उद्या देईन उत्तर. तुला राग आला असेल तर येऊ दे, तो माझ्यावर काढ, पोरीवर नको. हे कुठे धाडायचं नाही म्हणून तेवढं एक सांगून टाकते. त्यांनी पहिल्याच वेळी बरोबर म्हटलं होतं.